रेसची मोटारसायकल, तिचा थर्मामीटर आणि आपला गुणोत्तराचा तास



सहावी-सातवीच्या मुलांना गाड्यांचं किती वेड असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. या वेडाचा अभ्यासासाठी उपयोग करता येतो. उष्णता, हवेचे प्रसरण, विद्युत रोध आणि गुणोत्तर हे चारही घटक रेसच्या मोटारसायकलच्या इंजिनात एकत्र सापडतात. आजचा पाठ त्यावर आहे. शेवटी पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे, ती अवश्य वाचा.

१. इंजिन काय 'खातं'?

मुलं पटकन म्हणतात, पेट्रोल. पण वजनाने पाहिलं तर इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खातं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम धरा आणि १ लिटर हवेचं १.२ ग्रॅम. आता मुलांना गणित करू द्या. १ लिटर पेट्रोलसाठी जवळजवळ ९,००० लिटर हवा लागते! फळ्यावर हे उत्तर आलं की वर्ग एकदम जागा होतो.

रेसमध्ये जास्तीत जास्त ताकद हवी असते, म्हणून पेट्रोल थोडं वाढवून हे प्रमाण १३:१ च्या आसपास ठेवतात. पेट्रोल फार कमी पडलं तर इंजिन जास्त तापतं, फार झालं तर धूर होतो आणि ताकद घटते. आमटीतल्या मिठासारखंच आहे हे.

२. तापमानाचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे इंजिनाचं तापमान. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्याचे थेंब आतल्या भिंतींना चिकटतात. म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. जुन्या गाडीला हिवाळ्यात सकाळी चोक ओढायचो, तो याचसाठी.

दुसरं म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान. हवा तापली की पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेत हवा कमी मावते. २० अंशांवरून हवा ४० अंशांवर गेली तर २९३ भागिले ३१३, म्हणजे सुमारे ९४ टक्केच हवा आत जाते. मग पेट्रोलही ६ टक्के कमी करायला हवं. (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून मगच भागाकार करायचा, हे मुलांना आधी सांगा.)

पूर्वी हे सगळं मेकॅनिकच्या हातात होतं. जागतिक ग्रां प्री स्पर्धेत २५० सीसी टू-स्ट्रोक गाड्या २००९ पर्यंत आणि १२५ सीसी २०११ पर्यंत धावल्या. हवामान बदललं की त्यांच्या कार्बोरेटरचे जेट, म्हणजे बारीक भोकाचे पितळी स्क्रू, बदलावे लागत. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि पिस्टन जाम होतो. भर वेगात मागचं चाक लॉक झालं तर काय होईल, विचार करा!

३. आजचा थर्मामीटर

आता हे काम सेन्सर आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक करतात. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना ३०० च्या थोडं वर. ईसीयू ५ व्होल्ट देऊन किती व्होल्ट उरले ते मोजतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. मग इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटल पाहून ठरलेल्या पेट्रोलमध्ये वाढ-घट करतो. मोटोजीपीच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला १८,००० पर्यंत जातात, म्हणजे एका सिलिंडरसाठी हा हिशेब सेकंदाला १५० वेळा!

रेसमध्ये इंजिनाचं पाणी साधारण ७०-८० अंशांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. थंडीच्या दिवशी त्यासाठी रेडिएटरच्या काही भागावर चक्क चिकटपट्टी लावतात.

मोटोजीपीची रेस आपल्या देशातही झाली आहे. २४ सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर उकाड्यामुळे शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. दुसरा आलेला जॉर्ज मार्टिन शरीरातलं पाणी कमी झाल्याने शर्यतीनंतर कोसळला. गाडीला सेन्सर होते, माणसाला मात्र स्वतःच लक्ष ठेवावं लागतं. वर्गात पाण्याची घंटा का वाजवतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

४. वर्गात करून बघा

- रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीच्या तोंडाला फुगा लावा आणि बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरा. फुगा उभा राहतो. हवा तेवढीच, जागा मात्र जास्त लागली.
- इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात '१० के' थर्मिस्टर स्वस्तात मिळतो. तो मल्टिमीटरला जोडून मुठीत धरायला सांगा. १०,००० ओहमच्या आसपासचा आकडा हळूहळू सात हजारांकडे उतरतो. मुलांनी दर १० सेकंदांनी नोंद करून आलेख काढावा.

५. पालकांसाठी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि घरोघरच्या दुचाकींवर इंधन इंजेक्शन व सेन्सर आले. त्याचबरोबर व्हिडिओंतून एक 'जुगाड'ही पसरला आहे. हवेच्या सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर लावा, पॉवर वाढेल, असं मोठी मुलं एकमेकांना सांगतात.

आता आपल्या पाठावरून विचार करा. बाहेर ४० अंश असताना रेझिस्टर ईसीयूला सांगतो, ५ अंश आहेत. ईसीयू जवळपास १३ टक्के जास्त पेट्रोल सोडतो. पण हवा वाढली का? नाही. मग ताकद कुठून येणार? पेट्रोल वाया जातं, प्लगवर काजळी धरते. इंजिनाच्या पाण्याच्या सेन्सरशी खेळ केला तर त्याहून वाईट. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा त्याच माहितीवर सुरू होतो. इंजिन थंड आहे असंच समजलं, तर पंखा लागतच नाही आणि इंजिन तापून खराब होतं.

मुलाला नुसतं "हात लावू नको" म्हटलं तर तो गुपचूप लावेल. त्याला एवढंच विचारा, "हवा वाढली का रे?" उत्तर त्याचं त्यालाच सापडेल. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं. हे मात्र स्पष्ट बजावून सांगा.

मुलांसाठी प्रश्न

१. सेन्सरची वायर तुटली तर रोध वाढेल की कमी होईल? ईसीयूला इंजिन गरम वाटेल की थंड?
२. हवा १० अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर पेट्रोल किती टक्के कमी करावं लागेल?
३. चुकीचं मोजमाप आणि बरोबर हिशेब मिळून उत्तर बरोबर येईल का?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात चर्चा नक्की घ्या. मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.