उन्हाळ्यातले थंड पेय : आधी पाणी, मग चव

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. वीज गेली की पंखाही थांबतो. बांधकामावर, सफाईच्या कामावर, रिक्षावर, भाजीच्या गाडीवर दिवस काढणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगातून घामावाटे पाणी जाते आणि मीठही जाते. ते वेळेवर भरून काढले नाही तर डोके दुखते, चक्कर येते, पायात गोळे येतात. घरी फ्रीज नसला तरी माठाच्या पाण्यात फळांची आणि पाल्याची चांगली पेये करता येतात. ती कशी करायची ते या वेळी पाहू.

तहान लागली की मुले दुकानातल्या थंड बाटलीकडे धावतात. अशा २५० मिलीच्या एका बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चहाचे चमचे. तेवढी साखर आपण एका पेल्यात घरी कधीच घालणार नाही.

पाणी आणि माठ

चहाचे पाणी उकळले जाते. सरबताचे पाणी उकळले जात नाही, ते आहे तसे पोटात जाते. वस्तीत नळ थोडा वेळ येतो, पाइप कधी गटाराजवळून गेलेला असतो. म्हणून लिंबू-पुदिन्याआधी पाण्याचा विचार करावा. रात्री पाणी गाळून उकळावे. चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून निववावे आणि सकाळी माठात भरावे. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरावेत. प्रमाण वेष्टनावर लिहिलेले असते. औषध घातल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावे.

माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने वाळते, आणि वाळताना आतली उष्णता ओढून नेते. म्हणून माठाला बाहेरून ऑइलपेंट लावू नये, त्याची छिद्रे बुजतात. माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावा आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठ गार होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेवढा होत नाही, तरी पिण्यापुरता पुरतो. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. पेला धरलेला हात माठात बुडवू नये.

गाडीवरचा बर्फ पेयात टाकू नये. बर्फाची लादी बहुतेक वेळा मासे किंवा माल गार ठेवण्यासाठी केलेली असते, पिण्यासाठी नसते.

पाच पेये, प्रत्येकी एक लिटरची

सब्जा-लिंबू : दोन चमचे सब्जा वाटीभर पाण्यात वीस मिनिटे भिजवावा. तो फुगला की एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस, चार ते सहा चमचे साखर किंवा गूळ आणि पाव चमचा मीठ घालून त्यात मिसळावा. कोरडा सब्जा मुलांच्या हाती देऊ नये, तो घशात अडकून फुगतो.

काकडी-पुदिना : अर्ध्या काकडीच्या चकत्या आणि पुदिन्याची दहा-बारा पाने हाताने थोडी चुरगळून माठाच्या पाण्यात घालावीत. भांडे झाकून ओल्या फडक्यात तासभर ठेवावे आणि गाळून प्यावे. यात साखर लागत नाही, म्हणून मधुमेहींना चालते.

आमसुलाचे पाणी : आठ-दहा आमसुले दोन तास भिजवून कुस्करावीत आणि गाळावीत. त्यात गूळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. काही आमसुले आधीच खारवलेली असतात, म्हणून चव पाहूनच मीठ घालावे. लिंबू महागले की हे किंवा चिंचेचे पाणी करावे.

पन्हे : एक मध्यम कैरी उकडून गर काढावा. गराइतका गूळ, पाव चमचा मीठ आणि जिरेपूड घालून पाण्यात मिसळावे.

वाळ्याचे पाणी : वाळ्याच्या मुळ्या धुऊन, स्वच्छ कापडात बांधून, जुडी माठात सोडावी. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवावी, वास गेला की बदलावी.

फळे आणि पाला स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावा, कारण पुदिन्याच्या काड्यांना माती चिकटलेली असते. आंबट पेय तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. स्टील, काच किंवा मातीचे भांडे वापरावे. कापलेल्या फळाचे पेय दोन तासांत संपवावे, संध्याकाळपर्यंत ठेवू नये. कामावर जाताना बाटलीत साधे उकळलेले पाणी न्यावे आणि सोबत अख्खे लिंबू व साखर-मिठाची पुडी ठेवावी. पिताना पिळून घेतले की नासण्याची भीती नाही.

कोणी काय जपावे

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणी देऊ नये. त्यासाठी आईने स्वतः भरपूर प्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ टाळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. अंगातले पाणी कमी झाले की या आजारात असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली रोज असावी, आणि वर्गात पाणी पिऊ द्यावे असे पालकांनी शिक्षकांना सांगून ठेवावे.

कामाच्या जागी संडास नाही म्हणून आपल्या आया-बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. संडासाची सोय हा मागून घ्यायचा हक्क आहे. त्यासाठी तहान मारू नये.

जुलाब-उलट्या होत असतील तर सरबतावर भागवू नये. ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. २४ तासांनी उरलेले फेकावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, भान हरपले, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये.

जयंतीचे सरबत

१४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आपल्या चौकाचौकांत सरबत वाटले जाते. मिरवणुकीत म्हातारे असतात, कडेवर लेकरे असतात. मंडळाने आदल्या रात्रीच पाणी शुद्ध करून झाकून ठेवावे. वीस लिटरमध्ये साधारण शंभर पेले होतात. त्याला चाळीस लिंबे, अर्धा ते पाऊण किलो साखर आणि पाच चहाचे चमचे मीठ पुरते. एकदम मोठा ड्रम कालवू नये, संपेल तसे नवे करावे. वाटणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत आणि एकानेच ओगराळ्याने वाढावे. शेजारी बिनसाखरेच्या साध्या पाण्याचा एक माठ ठेवावा, म्हणजे मधुमेही माणूसही तहानलेला परत जाणार नाही.