संभाव्यतेचा हिशेब आणि एकट्या माणसाचा धोका

व्यवहारातील निर्णय नेहमी उद्याविषयी असतो आणि उद्याचा दिवस कोणालाही पाहून ठेवता येत नाही. ही अडचण जुनीच आहे. तिच्यावर माणसाने दोन उत्तरे शोधली. पहिले उत्तर दैवाचे. भगवान बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल हे आचार्य सर्व काही नियतीने आधीच ठरलेले आहे, प्रयत्नाने त्यात फरक पडत नाही, असे शिकवीत. तथागतांनी हे मत ठामपणे नाकारले. दुसरे उत्तर कारणांचा शोध घेण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे. काय घडेल हे सांगता येत नसले, तरी काय काय घडू शकते आणि त्यातील प्रत्येक गोष्ट किती वेळा घडण्याजोगी आहे, हे मोजता येते. या मोजणीलाच संभाव्यतेचे शास्त्र म्हणतात.

बारावी वाणिज्य शाखेच्या गणितात संभाव्यता वितरणाचे प्रकरण आहे. विद्यार्थी त्यातील सूत्रे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. ते सूत्र ज्या प्रश्नातून जन्मले, तो प्रश्न मात्र आपल्या गावच्या बाजारात, गोठ्यात आणि शेतात रोज उभा असतो. या लेखात आम्ही तो प्रश्न आधी एका दुकानदाराच्या वहीतून आणि नंतर इतिहासातून मांडणार आहोत.

१. वहीतून तयार होणारे कोष्टक

पाटसजवळून जाणाऱ्या पुणे-सोलापूर रस्त्यावर एक बाई अंजीर विकतात, असे समजू. अंजीर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. त्यांना एक पेटी ३०० रुपयांस पडते आणि ५०० रुपयांस विकली जाते. संध्याकाळी उरलेली पेटी १०० रुपयांस द्यावी लागते. म्हणजे विकलेल्या पेटीमागे २०० रुपये नफा आणि उरलेल्या पेटीमागे २०० रुपये तोटा. सकाळी किती पेट्या घ्याव्यात?

त्यांनी ५० दिवसांची मागणी वहीत लिहून ठेवली आहे. १० दिवस २ पेट्यांना गिऱ्हाईक होते, २० दिवस ३ पेट्यांना, १५ दिवस ४ पेट्यांना आणि ५ दिवस ५ पेट्यांना. प्रत्येक संख्येला ५० ने भागले की पुढील कोष्टक मिळते :

मागणी २ पेट्या : संभाव्यता ०.२
मागणी ३ पेट्या : संभाव्यता ०.४
मागणी ४ पेट्या : संभाव्यता ०.३
मागणी ५ पेट्या : संभाव्यता ०.१

सर्व संभाव्यतांची बेरीज १ येते. मागणी येथे २, ३, ४, ५ अशी सुटी मोजता येते, म्हणून हे खंडित संभाव्यता वितरण. आता प्रत्येक निर्णयाचा सरासरी नफा, म्हणजेच अपेक्षित मूल्य, काढू. त्यासाठी प्रत्येक शक्यतेतील नफ्याला तिच्या संभाव्यतेने गुणून सर्व गुणाकार मिळवायचे.

२ पेट्या घेतल्या, तर दोन्ही रोज खपतात आणि नफा नेहमी ४०० रुपये. ३ घेतल्या, तर मागणी २ असलेल्या दिवशी एक पेटी उरते आणि नफा २०० रुपये राहतो. इतर दिवशी ६००. सरासरी ०.२ × २०० + ०.८ × ६०० = ५२० रुपये. ४ पेट्या घेतल्यास सरासरी ४८० आणि ५ घेतल्यास ३२० रुपये. अर्थात, ३ पेट्या घेणे सर्वांत फायद्याचे.

येथे एक बारकावा आहे. समजा, गावातील एखाद्या बचत गटाने अंजिराचा जॅम करायला सुरुवात केली आणि उरलेली पेटी १०० ऐवजी २५० रुपयांस घेऊ लागला. मागणी तीच, विक्रीची किंमतही तीच. पण उरलेल्या पेटीचा तोटा आता केवळ ५० रुपये. पुन्हा हिशेब केला, तर ३ पेट्यांचा सरासरी नफा ५५०, ४ पेट्यांचा ६०० आणि ५ पेट्यांचा ५७५ रुपये येतो. आता ४ पेट्या घेणे योग्य. म्हणजे निर्णय केवळ मागणीवरून ठरत नाही. चूक झाली तर तिची किंमत किती मोजावी लागते, यावरही तो ठरतो.

२. सरासरी कोणाला मिळते?

पाठ्यपुस्तकातील उदाहरण बहुधा येथे संपते. आमच्या मते खरा प्रश्न येथे सुरू होतो.

जॅमवाला गट नाही, असे धरून मूळ हिशेबाकडे परत येऊ. त्या बाईंनी कर्ज काढले आहे आणि संध्याकाळी ३०० रुपयांचा हप्ता द्यावाच लागतो, असे समजा. गाठीला शिल्लक नाही. ३ पेट्या घेतल्या, तर पाचांतील एका दिवशी हाती २०० रुपयेच येतात आणि हप्ता चुकतो. २ पेट्या घेतल्या, तर ४०० रुपये नक्की. त्यांनी २ पेट्या घेणेच शहाणपणाचे आहे. शेजारच्या दुकानदाराकडे आठवडाभर पुरेल इतकी शिल्लक असेल, तर तो निश्चिंतपणे ३ पेट्या घेईल आणि सरासरीने रोज १२० रुपये अधिक मिळवील. शंभर दिवसांत हा फरक १२,००० रुपयांचा होतो.

दोघांचे गणित सारखेच चांगले आहे, कष्टही सारखे आहेत. फरक इतकाच की, एकाला वाईट दिवस सोसता येतो आणि दुसरीला येत नाही. सरासरी ही अनेक दिवसांची असते आणि तेवढे दिवस तग धरणाऱ्यालाच ती मिळते. डॅनियल बर्नोली या गणितज्ञाने १७३८ सालीच दाखवून दिले होते की, तीच रक्कम श्रीमंताला आणि गरिबाला सारख्या मोलाची नसते. गरीब माणूस धाडस करीत नाही म्हणून मागे राहतो, असे सहज बोलले जाते. हे कोष्टक पाहिल्यावर तसे म्हणणे कठीण व्हावे.

३. सुपे, १२ मे १८७५

आपल्याच भागातील इतिहास याची साक्ष देतो. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. कर्जखते व वह्या ताब्यात घेणे आणि जाळणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

या उठावाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वाढलेले कापसाचे भाव नंतर कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, सारावाढ झाली. या सर्वांच्या मुळाशी एक गणिती विसंगती होती, असे आम्हांस वाटते. रयतवारी पद्धतीत सारा रोख रकमेत आणि जवळजवळ स्थिर होता. पीक मात्र पावसावर अवलंबून आणि दरवर्षी वेगळे. देणे निश्चित आणि येणे अनिश्चित.

ही विसंगती आकड्यांत पाहू. अभ्यासासाठी असे धरू की, वाईट वर्षाची संभाव्यता चारांत एक आहे आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग पाच वर्षांत वाईट वर्षे किती येतील, हे द्विपद वितरणाने सांगता येते. एकही न येण्याची संभाव्यता ०.२४, एकच येण्याची ०.४० आणि दोन किंवा अधिक येण्याची जवळजवळ ०.३७ (पूर्णांकनामुळे बेरीज किंचित अधिक दिसते). सरासरी सव्वा वर्षाची. पण शंभरांतील सदतीस कुटुंबांवर पाच वर्षांत दोन वा अधिक वाईट वर्षे येऊ शकतात. पहिल्या वाईट वर्षाचे कर्ज फिटण्याआधी दुसरे आले की व्याजावर व्याज चढते आणि जमीन जाते. सारा ठरविताना सरासरी पीक पाहिले जाते. कुटुंब मात्र सरासरीवर जगत नाही, ते ओळीने येणाऱ्या वर्षांवर जगते.

४. शंभर गाई आणि दहा हजार गाई

मग यावर उपाय काय? उत्तर त्याच शास्त्रात आहे. याकोब बर्नोली यांच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक सिद्धांत आहे : घटनांची संख्या जसजशी वाढते, तसतसे प्रत्यक्ष प्रमाण मूळ संभाव्यतेच्या जवळ जाते. यालाच मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात आणि विमा त्यावरच उभा आहे.

एका कुटुंबाकडे ६०,००० रुपयांची एक दुभती गाय आहे. वर्षभरात ती दगावण्याची संभाव्यता शंभरांत ४ आहे, असे धरू. सरासरी नुकसान २,४०० रुपये. पण त्या कुटुंबाचे २,४०० रुपयांचे नुकसान कधीच होत नाही. एक तर काहीच होत नाही, नाही तर ६०,००० रुपये जातात.

आता १०० कुटुंबे एकत्र आली. सरासरीने ४ गाई दगावतील. द्विपद वितरणानुसार ८ किंवा त्याहून कमी गाई दगावण्याची संभाव्यता ०.९८ आहे. म्हणून प्रत्येकाने ४,८०० रुपये भरले, तर शंभर वर्षांतील अठ्ठ्याण्णव वर्षे निधी पुरतो. आणि १०,००० कुटुंबे एकत्र आली तर? सरासरी ४०० गाई. आणि तेवढ्याच, म्हणजे ०.९८ इतक्या खात्रीसाठी सुमारे ४४० गाईंची तरतूद पुरते. प्रत्येकी वर्गणी केवळ २,६४० रुपये. गाई त्याच, रोगराई तीच, खात्री तीच. फक्त माणसे अधिक जोडली गेली आणि प्रत्येकाचा भार जवळजवळ निम्मा झाला. संघटन म्हणजे केवळ मोर्चाची गर्दी नव्हे. त्यामागे गणिताचा भक्कम आधार आहे.

५. संकट सर्वांवर एकदम आले तर

या हिशेबात एक अट दडलेली आहे : एका गाईच्या मरणाचा दुसरीच्या मरणाशी संबंध नसावा. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा ही अट मोडली. दुष्काळात तर ती नेहमीच मोडते. पाऊस नाही पडला तर शेजाऱ्याचेही शेत वाळते. म्हणून एका गावाचा पीकनिधी दुष्काळात गावाबरोबरच बुडतो. संकट जितके विस्तृत, त्याहून विस्तृत क्षेत्र एकत्र जोडावे लागते : कोकण आणि देश, कालव्याखालची जमीन आणि जिरायत, एक राज्य आणि दुसरे राज्य. असे जोडकाम शासनाच्या आधाराशिवाय होत नाही.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली पीक विम्यासाठी क्षेत्राधारित पद्धतीचा आग्रह धरला. प्रत्येक शेतातील नुकसान मोजणे खर्चाचे आणि वादाचे. म्हणून पीक कापणी प्रयोगांवरून परिसराचे सरासरी उत्पन्न काढावे आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेले, तर तेथील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना या तत्त्वावर आली. या पद्धतीला मर्यादाही आहे. परिसराचे पीक चांगले आणि एकाच शेतकऱ्याचे वाया गेले, तर सरासरी त्याला पुन्हा फसविते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्र लहान करण्यावर आणि गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तींची वेगळी दखल घेण्यावर भर आहे, तो यासाठीच.

६. बाबासाहेबांची मागणी

हे सर्व वाचल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या एका मागणीचा अर्थ नव्याने उलगडतो. १९४७ साली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या नावाने आपण ओळखतो. विमा ही केवळ राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरविणे राज्याने सक्तीचे करावे, असे त्यात म्हटले आहे. राज्याच्या विम्यामागे राज्याची सर्व साधनसंपत्ती तारण असते, हे त्यांचे एक कारण. नियोजनासाठी राज्याला त्यातून भांडवल मिळते, हे दुसरे.

सक्ती कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. विमा ऐच्छिक असेल, तर ज्याला धोका अधिक तोच प्रामुख्याने येतो आणि वर्गणी वाढत जाते. उलट खासगी कंपनी कमी धोक्याचे गिऱ्हाईक निवडते आणि मजूर, भूमिहीन बाहेर राहतात. सर्व आत आले, तरच मोठ्या संख्यांचा नियम सर्वांच्या उपयोगी पडतो. अर्थशास्त्राचा गाढ अभ्यास केलेल्या बाबासाहेबांनी ही मागणी धर्मादाय म्हणून नव्हे, नागरिकाच्या हक्काची तरतूद म्हणून मांडली.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्यानंतर तीन महिन्यांनी झाले. मागणीचा पहिला भाग आयुर्विम्यापुरता पूर्ण झाला. दुसरा, प्रत्येक श्रमिकाला आत घेण्याचा भाग, आजही अपुरा आहे. असंघटित मजुराच्या घरी कर्ता माणूस गेला की ‘नशीब’ म्हटले जाते. जे मोजता येते आणि वाटून घेता येते, त्याला नशीब म्हणणे बुद्धाच्या अनुयायांस शोभत नाही.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

(१) अंजिराच्या उदाहरणात उरलेली पेटी फुकट जाते, असे धरून चारही निर्णयांचा सरासरी नफा काढा. ३ पेट्यांचा निर्णय टिकतो का?

(२) गाईच्या उदाहरणात केवळ १० कुटुंबे एकत्र आली, तर एकही गाय न दगावण्याची संभाव्यता किती? दोन गाई दगावल्या, तर प्रत्येकाला किती वर्गणी लागेल?

(३) आपल्या घरातील अथवा शेजारच्या एका व्यवसायाची ५० दिवसांची विक्री वहीत नोंदवा, तिचे कोष्टक करा आणि वाईट दिवसाचा भार त्या घरात कोण उचलते, हे शेवटी दोन ओळींत लिहा. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. पण त्या वहीतच हा धडा पूर्ण होतो.