सिल्कस्टोनची मुले

उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरच्या दक्षिण भागात बार्न्झली नावाचे शहर आहे. त्याच्या पश्चिमेस सुमारे चार मैलांवर, पेनाइन टेकड्यांच्या पायथ्याशी, सिल्कस्टोन हे खेडे वसलेले आहे. गावच्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत एक दगडी स्मारक उभे आहे. त्यावर सव्वीस नावे कोरलेली असून प्रत्येक नावापुढे वय दिलेले आहे. सर्वांत मोठे वय सतरा, सर्वांत लहान सात. त्यांत पंधरा मुलगे व अकरा मुली आहेत. ही सारी मुले ४ जुलै १८३८ रोजी, एकाच दुपारी, कोळशाच्या खाणीत पाण्यात बुडून मरण पावली.

सिल्कस्टोनच्या भूमीखाली उत्तम प्रतीच्या कोळशाचा थर होता. घरगुती शेगड्यांसाठी या कोळशाला विशेष मागणी असे आणि त्या थराला गावाचेच नाव मिळाले होते. १८१० च्या सुमारास येथून बार्न्झली कालव्यापर्यंत घोड्यांनी ओढावयाच्या वाघिणींचा रूळमार्ग तयार झाला. त्याचे रूळ ज्या दगडी ठोकळ्यांवर बसविले होते, त्यांपैकी काही आजही पाऊलवाटेवर पाहावयास मिळतात. मात्र कोळसा रूळमार्गापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला भूगर्भात बराच प्रवास करावा लागे, आणि या प्रवासाचा भार मुख्यतः मुलांवर होता. कोळसा फोडणाऱ्या कामगाराला वजनावर मजुरी मिळे. फोडलेला कोळसा वाहून नेण्यासाठी माणूस मिळविणे ही त्याचीच जबाबदारी असे. परका माणूस लावावा तर पैसे जात. म्हणून तो आपली मुले घेऊन खाली उतरे. थोडी मोठी मुले-मुली भरलेल्या गाड्या बोगद्यांतून ढकलत वा ओढत नेत. त्यांना ‘हरियर’ म्हणत. अगदी लहानांना ‘ट्रॅपर’चे काम देत. खाणीत हवा योग्य दिशेने खेळती राहावी म्हणून बोगद्यांत लाकडी दारे बसविलेली असत. गाडी आली की दार उघडावयाचे, गेली की लावावयाचे, आणि पुढची गाडी येईपर्यंत काळोखात बसून राहावयाचे, एवढेच ते काम. ते सोपे होते, असे त्या काळचे खाणमालक सांगत.

त्या दिवशी मुले पहाटेपासून हस्कर नावाच्या खाणीत होती. सहाच दिवसांपूर्वी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक झाला होता. दुपारी भयंकर वादळ झाले. गारांसह मुसळधार पाऊस कोसळला. खाणीच्या उभ्या तोंडातून माणसांना वर ओढून घेणाऱ्या बाष्पयंत्राची भट्टी पाण्याने विझली. वरून निरोप गेला की सर्वांनी खाली थांबावे. मोठी माणसे थांबली. पण सुमारे चाळीस मुलांना धीर धरवला नाही. जवळच्या नॅब्ज वनात उघडणारी खाणीची एक उतरती वाट होती. तिथून आपण चालतच बाहेर पडू, असे त्यांना वाटले. त्या वाटेवरही एक दार होते. मुले ते उघडून पुढे गेली. त्याच सुमारास वनातील एरवी किरकोळ वाटणारा ओढा फुगला आणि वाटेच्या तोंडातून आत घुसला. लोंढ्याने मुलांना मागे रेटत दारापर्यंत नेले आणि दार त्याच रेट्याने बंद झाले. काही मुले एका आडवाटेत शिरल्यामुळे वाचली. उरलेल्यांची प्रेते दारापाशी सापडली. खाली थांबलेली माणसे सुखरूप वर आली.

स्मारक उभारले गेले १८४१ मध्ये. त्यावरील मजकुराचा सूर लक्षात घेण्यासारखा आहे. ही घटना म्हणजे परमेश्वराचा भयंकर प्रकोप होय. मेघगर्जना, वीज, गारा व पाऊस त्यानेच पाठविले. आणि मृत्यू केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसल्याने वाचणाऱ्याने सावध राहावे, असा त्याचा आशय आहे. खाणमालकाचे नाव त्यात येते, परंतु केवळ खाण कोणाची हे कळावे एवढ्यापुरतेच. सात वर्षांचे मूल भूगर्भात काय करीत होते, हा प्रश्न दगडावर कोठेही नाही. मात्र दफनाचा तपशील काटेकोर आहे. सात थडगी, मुलग्यांच्या पायांशी मुली. अकरा वर्षांची एलिझाबेथ क्लार्कसन ही आपला सोळा वर्षांचा भाऊ जेम्स याच्या पायांशी विसावली आहे, असेही तेथे नमूद केले आहे. गावाला आपले दुःख सांगावयाचे होते, हे या तपशिलावरूनच कळते. वरचा उपदेश ती त्या काळची रीत होती.

न विचारलेला तो प्रश्न लवकरच दुसरीकडे विचारला गेला. १८४० मध्ये मुलांच्या श्रमाची चौकशी करण्यासाठी सरकारी आयोग नेमण्यात आला. केवळ या दुर्घटनेमुळे आयोग आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लॉर्ड अ‍ॅशली यांचे प्रयत्न त्याआधीपासून चालू होते. तरीही सिल्कस्टोनचे वृत्त लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले होते, हेही तितकेच खरे. या आयोगाचे वैशिष्ट्य असे की त्याचे अधिकारी प्रत्यक्ष खाणींत उतरले आणि त्यांनी मुलांनाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लिहून घेतली. बार्न्झलीचा परिसर जेलिंजर सायमन्स यांच्याकडे होता. सिल्कस्टोनपासून काही मैलांवरील गॉबर येथील खाणीत त्यांना सारा गुडर ही आठ वर्षांची ट्रॅपर भेटली. ती पहाटे चारला, कधी साडेतीनलाच खाली जाई आणि सायंकाळी पाचनंतर वर येई. तिला दिवा मिळत नसे. उजेड असला तर मी कधी गाते, पण अंधारात गाण्याचे धाडस होत नाही. खाणीपेक्षा शाळा बरी वाटते, अशा अर्थाचे तिने सांगितले. सिल्कस्टोनच्या दगडावर आठ वर्षांच्या दोन सारा आहेत, न्यूटन व ज्यूक्स. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. गॉबरच्या सारेची ही चार वाक्ये त्यामुळे त्यांच्या वतीनेही वाचावी लागतात.

अहवाल १८४२ च्या मे महिन्यात चित्रांसह प्रसिद्ध झाला आणि पार्लमेंट हादरले. ते कशाने हादरले, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. कमरेला पट्टा व साखळी बांधून गाड्या ओढणाऱ्या, अर्धवस्त्र अवस्थेत पुरुषांबरोबर काम करणाऱ्या मुलींची वर्णने वाचून सभासदांच्या लज्जेला जेवढा धक्का बसला, तेवढा पाण्यात बुडालेल्या पोरांमुळे बसला नाही. ऑगस्ट १८४२ मध्ये कायदा संमत झाला. सर्व स्त्रिया व मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना भूगर्भातील कामास बंदी करण्यात आली. अ‍ॅशली यांनी मुलग्यांसाठी तेरा वर्षांची मर्यादा सुचविली होती. खाणमालकांच्या विरोधामुळे ती खाली आली. स्मारकावरील नावांना हा कायदा लावून पाहिला म्हणजे त्याचे मोजमाप हाती येते. सात वर्षांचा बर्किनशॉ घरी राहिला असता. त्याच्या शेजारी ज्याचे नाव आहे तो त्याचा भाऊ जॉर्ज दहा वर्षांचा होता. तो खाणीत उतरण्यास पात्र ठरला असता. खाणींच्या सुरक्षिततेसाठी निरीक्षक नेमण्याची तरतूद तर १८५० मध्ये झाली. शिवाय बायका-मुलींची मजुरी थांबली आणि तिची भरपाई कोणीही केली नाही, ही त्या घरांची तक्रार इतिहासात क्वचितच नोंदली जाते.

पुढे सिल्कस्टोन परिसरातील खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तर ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसाखाणही बंद झाली. नॅब्ज वनात आता फिरायला येणाऱ्यांच्या पाऊलवाटा आहेत. १९८८ मध्ये, दुर्घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, गावकऱ्यांनी त्या वनात दुसरे स्मारक उभारले. पहिल्या स्मारकाहून ते लहान आहे. त्यात एक मुलगा व एक मुलगी दगडात घडविलेली आहेत. जवळूनच तो ओढा वाहतो.