चुकीची साक्ष

इसवी सन १९२८ मधील गोष्ट. पॅरिस शहराच्या सीमेवर भटक्या लोकांच्या गाड्यांचा तळ पडला होता. एका रात्री त्यांपैकी एका गाडीस आग लागली. गाडीत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या वादकाचे प्राण वाचले. परंतु त्याचा डावा हात होरपळून निघाला आणि त्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. गिटार वाजवणाऱ्यास डाव्या हाताच्या बोटांनीच तारा दाबाव्या लागतात. आता या तरुणाचे वाद्य कायमचे मुके झाले, असे कोणासही वाटले असते. पण गेलेल्या बोटांचा शोक करीत न बसता त्याने उरलेल्या बोटांचा हिशेब केला. तर्जनी आणि मध्यमा यांच्या बळावर तारांवरून फिरण्याची स्वतःची नवी रीत त्याने बसवली. पुढे १९३४ साली पॅरिसमध्ये त्याचा वाद्यवृंद उभा राहिला आणि युरोपभर त्याची कीर्ती पसरली. त्याचे नाव जँगो राइनहार्ट. इंग्रजी स्पेलिंगात या नावाचे पहिले अक्षर ‘डी’ असले, तरी त्याचा उच्चार करीत नाहीत.

राइनहार्ट १९५३ साली निवर्तले. त्यानंतर अर्ध्या शतकाने त्यांचे नाव एका अगदी निराळ्या वस्तूस मिळाले.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण वृत्तपत्राच्या संकेतस्थळांचे काम पाहत होते. विलिसन हे तर इंग्लंडमधून अनुभव घेण्यासाठी आलेले विद्यार्थीच होते. वृत्तपत्राचा व्यवसाय घड्याळाच्या काट्याला बांधलेला असतो. आज एखादी कल्पना निघावी आणि काही दिवसांत, कित्येकदा काही तासांतच, ती वाचकांसमोर यावी, अशी तेथे निकड असे. प्रत्येक वेळी सारे पहिल्यापासून लिहीत बसणे म्हणजे भिंत बांधण्यासाठी दर खेपेस विटाही आपणच भाजण्यासारखे होते. म्हणून प्रत्येक कामात पुन्हा पुन्हा लागणारा भाग त्यांनी वेगळा काढून ठेवण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी पायथन ही संगणकाची भाषा निवडली. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी निर्मिलेली ही भाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली होती. जुलै २००५ मध्ये लॉरेन्स येथील हे साधन जगास खुले झाले. होलोव्हाटी यांना गिटारचा छंद होता. साहजिकच साधनाचे नाव ठरले ‘जँगो’. ते कोणीही विनामूल्य वापरावे, उघडून पाहावे व त्यात भरही घालावी, अशी मुभा आहे.

अशा साधनास फ्रेमवर्क, म्हणजे चौकट, असे म्हणतात. चौकटीत काय घालायचे ते आपण ठरवायचे. चौकट आधीच उभी असते. तिचे काम समजण्यास ग्रंथालयाचे उदाहरण बरे पडेल. वाचक येतो व मागणी सांगतो. दारावरचा मनुष्य एका यादीत पाहून कोणती मागणी कोणत्या खिडकीवर पाठवायची ते ठरवतो. खिडकीवरील ग्रंथपाल नोंदवहीतून हवी ती माहिती काढतो आणि छापील नमुन्यावर भरून वाचकाच्या हाती देतो. जँगोमध्ये दारावरच्या यादीला ‘यूआरएल’, ग्रंथपालाला ‘व्ह्यू’, नोंदवहीच्या रचनेला ‘मॉडेल’ आणि छापील नमुन्याला ‘टेम्प्लेट’ अशी नावे आहेत. चौघांपैकी एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसला नाही, की काम अडते. नव्याने शिकणाराचे काम तर हमखास अडते.

कल्पना करावी, की एका गावच्या शाळेत आठवीत शिकणाऱ्या मुलीने शाळेच्या ग्रंथालयासाठी असे संकेतस्थळ करण्याचे मनावर घेतले. ग्रंथालयाची जुनी नोंदवही पावसात भिजून तिची निम्मी पाने एकमेकांस चिकटली होती. नवी यादी झाल्याखेरीज पुस्तके मुलांना द्यायची नाहीत, असे ठरले होते. सोमवारी यादी तयार असेल, असा शब्द त्या मुलीने वर्गास देऊन ठेवला होता.

शनिवारी तिने कपाटातील पुस्तकांची यादी भरण्यास घेतली, तेव्हा पहिल्याच पुस्तकाला पडद्यावर पिवळी पट्टी उमटली आणि खाली इंग्रजी मजकुराचा पूर आला. ती घाबरली. गणिताचे शिक्षक जवळच होते. त्यांनी विचारले, “काय म्हणतोय तो?”

“सर, चुकलं म्हणतोय.”

“ते झालंच. पण काय चुकलं म्हणतोय? पट्टीतली ओळ वाच आणि मराठीत सांग.”

तिने एकेक शब्द लावून वाचले. ‘पुस्तक नावाचे कोष्टक अस्तित्वात नाही’ असा त्या ओळीचा अर्थ होता. नोंदवहीत कोणते रकाने हवेत हे तिने मॉडेलमध्ये लिहिले होते. पण लिहिणे म्हणजे वही आखणे नव्हे. जँगोमध्ये त्यासाठी दोन आदेश द्यावे लागतात. पहिल्याने आखणीचा आराखडा तयार होतो, दुसऱ्याने प्रत्यक्ष आखणी होते. दुसरा आदेश, ज्यास ‘मायग्रेट’ म्हणतात, तो द्यायचा राहिला होता. तो दिल्यावर काम सुरू झाले. सायंकाळपर्यंत तिने एकशे चाळीस पुस्तके नोंदवली. घरी जाताना तिने वहीत दोन ओळी लिहिल्या: संगणकाने काय म्हटले, आणि खरे कारण काय निघाले.

रविवारी सकाळी सरांनी संगणकाची खोली उघडून दिली व ते आपल्या कामास गेले. मुलीने काल दिलेलाच आदेश दिला, तर जँगो सापडतच नाही, असे उत्तर आले. कालपर्यंत असलेली वस्तू रात्रीतून कोठे गेली? तिने घाईघाईने जँगो पुन्हा उतरवून घेण्याचा खटाटोप केला. त्यात तास गेला आणि गोंधळ मात्र वाढला. अखेर तिला शनिवारचा प्रश्न आठवला. या वेळचा मजकूर काळ्या खिडकीत होता. तेथे पायथन सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. ज्या मार्गाने चुकीपर्यंत पोहोचलो तो मार्ग वर, आणि चुकीचे नाव सर्वांत खाली. तिने खालची ओळ वाचली. आश्चर्य असे, की त्या ओळीत एक प्रश्नच होता: “आपण स्वतंत्र कप्पा सुरू करण्यास विसरलात काय?” पायथनमध्ये एका कामाची साधने दुसऱ्यात मिसळू नयेत, म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळा कप्पा करतात. नवी खिडकी उघडली, की तो कप्पा पुन्हा सुरू करावा लागतो. ज्या उत्तरासाठी तिने तास घालवला, ते पहिल्या मिनिटापासून तिच्यासमोर लिहिलेले होते.

पुढची अडचण मात्र तिने चुटकीसरशी सोडवली. पान सापडत नाही, असे सांगताना जँगोने दारावरच्या यादीतील कोणकोणते मार्ग तपासले, तेही क्रमाने छापले होते. यादीत ‘पुस्तके’ होते. तिने मागितले होते ‘पुस्तक’. एका मात्रेचा फरक! इतका मोकळेपणा जँगो शिकणाऱ्यांपुरताच दाखवते. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी ही सोय बंद करावी लागते, नाहीतर घरातील खोल्यांचा नकाशा रस्त्यावरच्या प्रत्येकास दिल्यासारखे होईल.

यानंतर जे झाले, त्याने तिची खरी कसोटी लागली. मागणी ग्रंथपालापर्यंत पोहोचली. पण छापील नमुना, म्हणजे टेम्प्लेट, सापडत नाही, अशी तक्रार आली. फाइल तर डोळ्यांसमोर होती. तिने नाव तीनदा ताडून पाहिले. मग ती पडद्यावर खाली वाचत गेली. नमुना कोठे कोठे शोधला, याची यादी तेथे होती. या यादीला इंग्रजीत जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ ‘शवपरीक्षा’ असा होतो. नाव भीतीदायक खरे, पण काम तसेच नेमके आहे. यादीत जँगोसोबत आपोआप येणाऱ्या विभागांच्या जागा होत्या. तिच्या ‘ग्रंथालय’ या विभागाचा उल्लेखच नव्हता.

ती विचारात पडली. जेथे शोधले तेथे नमुना नव्हता, हे ठीक. पण तिच्या विभागात शोधलेच नाही, असे का व्हावे? कारणे दोनच संभवत होती. एक तर जँगोस तो विभाग ठाऊक नसेल, किंवा विभाग ठाऊक असून त्यातील नमुन्यांची जागा ओळखता आली नसेल. पण शनिवारी पुस्तकांचे कोष्टक तयार झाले होते. विभाग ठाऊक नसता, तर ते झालेच नसते. म्हणजे पहिले कारण बाद. तिने विभागातील फोल्डर पाहिले. जँगो ‘टेम्प्लेट्स’ या नावाचे फोल्डर शोधते. तिने नाव दिले होते ‘टेम्प्लेट’. अनेकवचनाचा एक ‘स’ राहिला होता.

आनंदाने तिने नाव बदलले व पान पुन्हा उघडले. तीच पिवळी पट्टी, तीच तक्रार.

येथे तिचा धीर सुटला. दुपार टळत आली होती. सारे फोल्डर पुसून टाकावे आणि नव्याने आरंभ करावा, असे तिच्या मनात आले. त्याच फोल्डरमध्ये माहितीची फाइल होती आणि त्या फाइलमध्ये एकशे चाळीस पुस्तके होती. तिने फोल्डर निवडलेही. कळ दाबण्यापूर्वी सवयीने तिने वही उघडली आणि कारणाच्या ओळीत ‘स राहिला’ असे लिहू लागली. लिहिता लिहिता हात थांबला. कारण जर खरे होते, तर ते दूर केल्यावर तक्रार तीच कशी? की जँगोने तिचा बदल अजून पाहिलाच नव्हता?

आणि तसेच होते. नमुन्यांची फोल्डरे कोठे आहेत, याची यादी चालू असलेला सर्व्हर एकदाच तयार करतो व पुढे तीच वापरतो. पायथनची फाइल बदलली, तर त्यास आपोआप कळते. नुसते फोल्डरचे नाव बदललेले कळत नाही. तिने कंट्रोल व सी या कळा दाबून सर्व्हर थांबवला, पुन्हा सुरू केला, आणि पान उघडले.

पिवळी पट्टी नव्हती. वर ‘आमचे ग्रंथालय’ असा मथळा होता आणि त्याखाली ओळीने काळे ठिपके. पण ठिपक्यांपुढे एकही नाव नव्हते.

ही चूक सर्वांत अवघड, कारण या वेळी संगणक काहीच म्हणत नव्हता. वाचण्यासारखी ओळ कोठेही नव्हती. मुलीने ठिपके मोजण्यास आरंभ केला. एकशे चाळीस! म्हणजे नोंदवहीतून पुस्तके बरोबर निघाली होती, ग्रंथपालाने ती बरोबर दिली होती आणि नमुन्यानेही प्रत्येक पुस्तकासाठी एक ओळ काढली होती. राहिले होते ते फक्त ठिपक्यापुढचे नाव. तिने नमुना उघडला. तेथे तिने पुस्तकाचे ‘नाव’ मागितले होते. मॉडेलमध्ये त्या रकान्यास ती ‘शीर्षक’ असे म्हणाली होती. नमुन्यात नसलेली गोष्ट मागितली, तर जँगो तक्रार न करता तेथे रिकामी जागा सोडते. पाहुण्यांस अडचण होऊ नये म्हणून ही रीत ठेवली असेल. शिकणारास मात्र ती फसवते.

तिने एक शब्द बदलला. पान ताजे केले, आणि वरून खालपर्यंत पुस्तकांची नावे उमटली.

सायंकाळी सर कुलूप लावण्यास आले, तेव्हा ती वहीत लिहीत होती. ‘संगणकाने काय म्हटले’ या मथळ्याखाली या वेळी तिने ‘काही नाही’ असे लिहिले होते, आणि त्यापुढील कारण सांगण्यास तिला अख्खे पान लागले होते. सरांनी ते पान उभ्याउभ्याच वाचले. मग ते पडद्याकडे वळले आणि यादीतील सातव्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, “हे उद्या माझ्या नावावर लिही. पहिला वाचक मी.”