सूं जाते, जवारीही जाते

घरी तंबोरा, बासरी किंवा पेटी रेकॉर्ड करून ऐकली की पहिली तक्रार ठरलेली असते: मागे सूं येतेय. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: 'आत्ता करून टाका, नंतर कॉम्प्युटरवर काढता येते.' हा सल्ला मोफत मिळतो आणि महागात पडतो. मला लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

आमच्या बिलोलीतल्या भजनी मंडळाकडे मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मंडळात त्याचा भाव थोडा वाढला, एवढंच. एरवी तो खुंटीलाच असतो, कारण पोरांना रियाजाला मोबाइलमधला तंबोरा पुरतो. म्हणून ठरलं, की आपल्याच तंबोऱ्याचा काळी चारचा अर्ध्या तासाचा ट्रॅक करून पोरांच्या फोनमध्ये टाकायचा. साधन होतं मंडळाचा स्टेजवरचा माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि माझा लॅपटॉप. ट्रॅक झाला, पण तंबोऱ्याच्या मागे सतत सूं. शहरातल्या एका स्टुडिओवाल्याने 'स्वच्छ करून' देतो म्हटलं. दिलाही. सूं खरोखर गेली होती. मंडळातल्या बापूंनी हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "सर, ह्यो तंबोरा नाही वाजायलाय. विहिरीतून कुणीतरी हाका मारायलंय."

बापूंचं निदान अचूक होतं, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. तंबोऱ्याची घोडी वरून रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्यावर एका बिंदूवर टेकत नाही, पृष्ठभागाला हलके घासत कंप पावते. तारेखालचं सूत पुढेमागे सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी खुलते, म्हणजे मूळ स्वराच्या वर उपस्वरांची रांगच उघडते. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा शांत बिंदू येतो ते उपस्वर तिच्यातून निघू नयेत, असा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो जुमानत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात मांडलं. नोबेल मिळण्याच्या ९ वर्षं आधी हा माणूस कलकत्त्यात तंबोऱ्याची घोडी तपासत होता, हे मला फार आवडतं.

आता सूं. ती सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते, पण कानाला टोचतो तिचा वरचा, तीव्र भाग. जवारीची चमकही तिथेच राहते. आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक पट्ट्यात एक उंबरठा ठरवतं आणि त्याच्या खालचं सगळं दाबतं. छेड जोरात असते, म्हणून ती वाचते. नंतर विरत जाणारा, एका तारेतून दुसरीत मिसळणारा झंकार मात्र हळूहळू उंबरठ्याखाली येतो आणि सूंबरोबर कापला जातो. तंबोऱ्यात त्या झंकारावाचून दुसरं आहेच काय! ढोलकीला हे सॉफ्टवेअर बरंच चालून जातं. तंबोरा, सतार, संतूर यांचा ते जीव घेतं.

टेपच्या काळातही ही सूं होतीच. तिच्यावर सर्वांत गाजलेला इलाज काढणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंडीगडला होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा थाटली. त्यांची युक्ती अशी: हळू आवाज टेपवर जाण्याआधीच उचलून धरायचे आणि ऐकताना तेवढेच खाली आणायचे. आवाज मूळ पातळीवर येतात आणि मधल्या मध्ये टेपची सूं खाली दाबली जाते. म्हणजे डॉल्बींनीही सुरुवात केली ती सूं मिसळण्याच्या आधी. तीच दिशा धरा.

आधी सूं कुठून येते ते शोधा. त्यासाठी एक पैसा लागत नाही. गेन आहे तसाच ठेवून खोलीतली शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माइक जाड वाकळीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या. दुसऱ्या वेळी सूं बरीच कमी झाली तर दोष खोलीचा. तेवढीच राहिली तर माइक आणि इंटरफेसचा. आणि सूंऐवजी जाड घूं ऐकू येत असेल तर ते प्रकरण वेगळं: आपल्या विजेचे ५० हर्ट्झ, अर्थिंग नाहीतर इन्व्हर्टर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

आमच्याकडे दोन्ही दोष होते. स्टेजवरचा डायनॅमिक माइक तोंडाला लावून गाण्यासाठी बनवलेला असतो. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो, आणि तंबोरा त्याहून कितीतरी हळू. मग इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत पिळावा लागतो आणि त्याची स्वतःची सूं वर येते. ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक त्याच आवाजाला साधारण दहापट व्होल्टेज देतो, म्हणजे गेन २० डेसिबल कमी पुरतो. घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा 'सेल्फ नॉइज'चा आकडा बघा. १० च्या खाली असेल तर उत्तम. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणा. आम्ही तेच केलं.

पण माइक बदलण्याआधी तो जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की वाद्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, पंख्याची आणि इंटरफेसची सूं आहे तेवढीच राहते. दोन हातांवरचा माइक एका वितीवर आणला की जवळपास १२ डेसिबल फुकटात पदरात पडतात. तंबोऱ्याची तबली रुंद असल्यामुळे हे गणित तंतोतंत उतरत नाही, तरी फरक पहिल्याच छेडीला कळतो. भोपळ्यासमोर मात्र माइक लावू नका, नुसती घुमघुम भरते. घोडीच्या थोडं वर, तबलीकडे तोंड करून, वीत ते दीड वीत अंतर आम्हाला मानवलं. गवई जवळ बसला असेल तर त्याचा श्वासही येतो, त्याला दूर बसवा. रागावला तरी चालेल.

खोलीचं काय सांगू! बिलोलीच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. पावसाळ्यात पत्रे वाजतात. रात्री शांत असते हा भ्रम आहे, कारण रातकिडे नेमके जवारीच्या पट्ट्यात किर्र करतात आणि येसगीकडच्या रस्त्यावरून टिप्पर जातात ते वेगळंच. हिवाळ्यातली पहाट, काकड्याच्या आधीची, हीच आमच्याकडची खरी वेळ. पंखा, फ्रीज आणि जुन्या चोकची ट्यूबलाइट बंद. पाठीमागच्या भिंतीवर आणि दारावर वाकळी. थंडीत तारांचा सूर हलतो, म्हणून वाद्य तासभर आधी खोलीत आणून ठेवा.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठी छेड उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या. फोनवर करणार असाल तर आवाज आपोआप सावरणारी सोय बंद करता येणारं ॲप घ्या. नाहीतर छेड विरली की फोन स्वतःच गेन चढवतो आणि सूं लाटेसारखी वर येते.

एवढं करूनही थोडी सूं उरेल. उरू द्या. अगदीच खुपत असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन'चा आकडा ६ डेसिबलवर ठेवा आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. त्याच चौकटीत 'रेसिड्यू' नावाचा पर्याय आहे, तो दाबला की जे कापलं जाणार तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती सूं असेल तर पुढे जा. झंकार ऐकू आला तर थांबा. दुसऱ्याकडे काम देणार असाल तर त्याच्याकडूनही ही 'रेसिड्यू'ची फाइल मागून घ्या.

पेटीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तंबोरा मार्गी लागल्यावर मंडळाची पेटी रेकॉर्ड केली, तर पुन्हा सूं. तोच माइक, तीच पहाट. शेवटी बापूंनी स्वर न दाबता नुसता भाता मारला आणि पेटीला कान लावला. हवा एका पट्टीखालून गळत होती. पेटी दुरुस्तीला नांदेडला गेली, आणि मागून आणलेला माइक आम्ही ज्याचा त्याला परत केला.