रामदेवर बेट्ट आणि उडता कॅमेरा

प्रास्ताविक

डोंगराचे चित्र पायथ्याशी उभे राहून काढता येते, किंवा शिखरावर चढून काढता येते. डोंगराच्या समोर, अधांतरी उभे राहून ते काढण्याची सोय मात्र सामान्य माणसाला फार काळ नव्हती. ड्रोन नावाच्या छोट्या उडत्या यंत्राने ती उपलब्ध करून दिली. प्रस्तुत पाठात बेंगळुरूजवळच्या एका खडकाळ डोंगराच्या निमित्ताने या साधनाची ओळख आपल्याला करून घ्यायची आहे. या यंत्रातून काय दिसते आणि काय दिसत नाही, याकडे पाठ वाचताना विशेष लक्ष द्यावे.

खडकांचे गाव

बेंगळुरूहून मैसूरच्या रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर गेले, की सपाट प्रदेशातून एकाएकी वर आलेले प्रचंड खडक दिसू लागतात. हे रामनगर. पूर्वी या गावास क्लोजपेट म्हणत. बॅरी क्लोज या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून ते पडले होते. हा जिल्हाही आता बेंगळुरूच्याच नावाने ओळखला जातो. २०२५ मध्ये त्याचे ‘बेंगळुरू दक्षिण’ असे नामकरण झाले. गावाचे जुने नाव लोकांच्या बोलण्यातून गेले, तरी भूशास्त्रज्ञांनी ते जपले आहे. येथील ग्रॅनाइटला ते आजही ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. या खडकाचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षे आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याशी तुलना केली, म्हणजे या डोंगरांचे वार्धक्य ध्यानात येते. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी रचला गेला, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ग्रॅनाइटचा डोंगर तसा नसतो. ऊन, पाऊस आणि वारा यांनी त्याचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटत जातात आणि उरतात ते घुमटासारखे गुळगुळीत माथे व एकावर एक रचल्यासारखे धोंडे.

या डोंगरांपैकी एकाचे नाव रामदेवर बेट्ट. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. पाण्याने वेढलेल्या आपल्या मराठी बेटाशी त्याचा संबंध नाही. माथ्याकडे श्रीरामाचे मंदिर आहे आणि तेथवर पायऱ्यांची वाट जाते. गावाला रामनगर हे नाव शोभून दिसते ते यामुळेच.

परंतु देशभरच्या लोकांना हे खडक ठाऊक झाले ते एका चित्रपटामुळे. रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’ या चित्रपटाचे चित्रीकरण १९७३ च्या ऑक्टोबर महिन्यात येथे सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी ही जागा निवडली आणि खडकांच्या पायथ्याशी ‘रामगढ’ नावाचे एक संपूर्ण गाव उभे केले. छायाचित्रण द्वारका दिवेचा यांचे होते. चंबळच्या खोऱ्यातील, किंवा राजस्थानच्या वाळवंटाकडील एखादा ओसाड मुलूख आपण पाहत आहोत, असेच प्रेक्षकांना वाटले. धूळ, ऊन आणि उघडे दगड. ज्यात दरोडेखोरांखेरीज कोणी राहू शकत नाही, अशी ती भूमी. चित्रपटाची ती गरज होती. पण त्या प्रतिमेचा परिणाम असा झाला, की हा डोंगर निर्जन आहे ही समजूत पडद्यावरून लोकांच्या मनात जाऊन बसली.

कॅमेरा आकाशात कसा गेला

आकाशातून पृथ्वीचे चित्र घेण्याची हौस जुनी आहे. फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये फुग्यात बसून पहिले आकाशचित्र घेतले. पुढे १९०८ च्या सुमारास युलिउस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधण्याची युक्ती काढली. ठरावीक वेळाने कॅमेरा आपोआप उघडे आणि कबुतराच्या वाटेवर जे येईल ते टिपले जाई. पक्ष्याच्या पंखांवर कॅमेऱ्याने केलेला हा प्रवास पुढील भागात पुन्हा आठवेल.

‘शोले’च्या काळी कॅमेरा उंच न्यायचा, तर क्रेन आणावी लागे किंवा हेलिकॉप्टर भाड्याने घ्यावे लागे. आज पाठीवरच्या पिशवीत मावणारा ड्रोन तेच काम करतो. त्याला बहुधा चार पंखे असतात. त्यांपैकी दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात. म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. एका बाजूच्या पंख्यांची गती वाढवली, की तो विरुद्ध बाजूला कलतो आणि त्या दिशेने सरकतो. आतील संवेदक त्याचा तोल क्षणोक्षणी सावरतात, उपग्रहांच्या संदेशांवरून त्याला आपले स्थान कळते आणि कॅमेरा ज्या फिरत्या चौकटीत बसवलेला असतो ती यंत्राचे हेलकावे चित्रात उतरू देत नाही. सामान्यतः हौशी ड्रोनची बॅटरी २० ते ३० मिनिटे पुरते. वाऱ्याविरुद्ध परतायचे असेल, तर त्याहून कमी.

बेंगळुरूचे आकाश

बेंगळुरू ही विमानविद्येची नगरी. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, भारतीय अंतराळ संशोधन संघटना यांसारख्या संस्था येथे आहेत. तेव्हा उडत्या यंत्रांचा छंद येथील तरुणांना लागावा, यात नवल नाही. नवल असेल तर याचे, की ज्या नगरीत हा छंद रुजला तेथेच तो पुरवणे अवघड आहे. एचएएलचा जुना विमानतळ, येलहंक्याचा वायुदलाचा तळ, जक्कूरचे धावपट्टीचे मैदान आणि २००८ मध्ये सुरू झालेला देवनहळ्ळीचा विमानतळ; यांनी शहराचे आकाश व्यापले आहे.

भारतात २०१४ मध्ये खाजगी ड्रोन उड्डाणांना मनाई करण्यात आली होती. पुढे २०१८ मध्ये मार्ग थोडा मोकळा झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नवी ड्रोन नियमावली आली. तिच्यानुसार आकाशाची लाल, पिवळी व हिरवी अशी विभागणी केली गेली. लाल विभागात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून आणि पिवळ्या विभागात हवाई नियंत्रकांच्या अनुमतीवाचून उडता येत नाही. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, अशा पूर्वअनुमतीची आवश्यकता नाही. छंद म्हणून दोन किलोपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्यास वैमानिकाचा परवानाही लागत नाही. साहजिकच हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या डोंगरांकडे वळतात.

येथेच एक गैरसमज होण्याचा संभव आहे. नकाशावर आकाश हिरवे असले, म्हणून त्याखालची जमीनही मोकळी असते असे नाही. विमानांचा कायदा वेगळा आणि वनांचा कायदा वेगळा. रामदेवर बेट्ट आणि भोवतालचे सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात चित्रीकरणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागते.

उंचीचा आकडा

डोंगराचे चित्रीकरण हे मैदानातील चित्रीकरणाहून निराळे असते, आणि ते का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ड्रोन चालवणाऱ्याच्या हातातील पडद्यावर उंचीचा आकडा दिसतो. ही उंची ड्रोन जेथून उडाला त्या जागेपासून मोजलेली असते. त्याच्या खाली त्या क्षणी जी जमीन आहे तिच्यापासून नव्हे. समजा, पायथ्यावरून ड्रोन १०० मीटर चढला आणि समोरच्या ८५ मीटर उंच कड्याकडे सरकला. कड्यावर पोहोचताच तो खडकापासून अवघ्या १५ मीटरवर असतो. पडद्यावर मात्र आकडा १०० हाच राहतो. उडवणाऱ्याला वाटते, आपण खूप दूर आहोत. कड्याच्या कपारीत जो बसला आहे, त्याचा हिशोब वेगळा असतो.

कपारीत कोण बसले आहे?

लांब चोचीचे गिधाड. उंच कड्यावरच्या अरुंद कपारीत ते घरटे करते आणि एका विणीत एकच अंडे घालते. पांढरे गिधाडही या परिसरात आढळते. एकेकाळी गावोगावी मृत जनावरांची विल्हेवाट लावणारे हे पक्षी १९९० नंतर झपाट्याने नाहीसे झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मूत्रपिंडांचा नाश करते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निश्चित झाले. तोपर्यंत भारतातील लांब चोचीच्या गिधाडांपैकी बहुतांश संपली होती. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली; २०२३ मध्ये तशाच घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही आली. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात आणि रायगडमधील फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी विषमुक्त मांस ठेवण्याचे प्रयत्न वनविभागाने केले, तेही याच कारणाने. रामनगरच्या खडकांवर उरलेली गिधाडे थोडीच आहेत. जेथे वर्षाला एका जोडीचे एकच पिल्लू वाढायचे, तेथे एका अंड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता चित्रीकरणाची वेळ पाहा. छायाचित्रकाराला सकाळचा कोवळा, तिरपा प्रकाश हवा असतो. त्यात ग्रॅनाइटचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो आणि वाराही बेताचा असतो. गिधाड जड पक्षी. पंख फडफडवत उंच जाणे त्याला परवडत नाही. ऊन चढून खडक तापला, त्यावरची हवा वर जाऊ लागली, म्हणजे त्या हवेवर पंख पसरून ते चढते. तोवर ते कपारीतच बसून असते. चित्रासाठी जी घटका सर्वोत्तम, नेमकी त्याच घटकेला डोंगर भरलेला असतो. दूरवरून घेतलेल्या चित्रात हे पक्षी करड्या खडकावरचे करडे ठिपके असतात. पुष्कळदा तेही दिसत नाहीत. चित्रफीत घरी नेऊन पाहणाराही म्हणेल, तेथे कोणीच नव्हते.

पक्षी उडाला नाही, म्हणजे त्याला त्रास झाला नाही काय?

या प्रश्नावर अभ्यास झालेले आहेत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये बदके, रोहित आणि एक पाणपक्षी यांच्या दिशेने ड्रोन नेऊन २०४ चाचण्या घेतल्या. पाचांपैकी चार वेळा ड्रोन पक्ष्यांपासून चार मीटरवर गेला, तरी त्यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. थेट डोक्यावरून खाली येणारा ड्रोन मात्र त्यांना अधिक बिचकवी. शिकारी पक्षी तसाच येतो, हे त्याचे संभाव्य कारण. हे निष्कर्ष वाचून हौशी माणसाला हायसे वाटेल. परंतु त्याच वर्षी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात अस्वलांवर झालेला अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवलेली होती. ड्रोन वरून गेला तेव्हा बहुतेक अस्वले जागची हलली नाहीत. त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र वाढले. एका प्रसंगी तर मिनिटाला १२३ ठोक्यांनी. बाहेरून जे प्राणी शांत दिसत होते, ते आतून शांत नव्हते.

पक्षी उडालेच तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका या संरक्षित पाणथळ जागेचे आहे. मे २०२१ मध्ये तेथे एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. बिथरलेले पक्षी वसाहत सोडून गेले आणि सुमारे १५०० अंडी वाळूत तशीच पडून राहिली. ड्रोन उडवणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मानण्याचे कारण नाही. अंड्यांच्या दृष्टीने हेतूला अर्थ नव्हता.

याचा अर्थ ड्रोन हे त्याज्य यंत्र आहे, असा मात्र नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची प्रायोगिक मोजणी झाली, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत हीच पद्धत देशभर वापरली गेली. खेड्यातील घराच्या जागेचा कागद लोकांच्या हाती येण्यास या यंत्राची मदत झाली. कोणत्या कामासाठी, कोणत्या वेळी आणि किती अंतरावरून, हाच काय तो प्रश्न आहे.

रामदेवर बेट्टाचे चित्र ज्याला घ्यायचे आहे त्याने पायऱ्यांच्या वाटेने जावे, दूरचे टिपणारे भिंग सोबत न्यावे आणि ऊन चढण्याची वाट पाहावी. उडत्या गिधाडाचे चित्र त्यालाच मिळते. उडवण्याची हौस असेल, तर अभयारण्याबाहेर, नकाशा तपासून आणि जमीनमालकाला विचारून उड्डाण करता येते. बेंगळुरूच्या आसपास ग्रॅनाइटच्या खाणींनी पोखरलेले डोंगर पुष्कळ आहेत. रस्त्यावरून पाहता त्यांचा समोरचा भाग शाबूत दिसतो. मागची बाजू वरूनच दिसते. खाणीची कड डोंगरात किती आत शिरली, हे दोन वर्षांच्या अंतराने एकाच जागेवरून घेतलेल्या दोन चित्रफिती शेजारी ठेवल्या, की मोजता येते.

विचार करा आणि लिहा

१. ड्रोनच्या पडद्यावरील उंचीचा आकडा डोंगराळ भागात का फसवा ठरतो, ते स्वतःचे उदाहरण घेऊन लिहा.
२. ‘बाहेरून जे प्राणी शांत दिसत होते, ते आतून शांत नव्हते’, हे लेखकाने कशाच्या आधारे म्हटले आहे?
३. आपल्या परिसरातील एखादी ‘ओसाड’ समजली जाणारी जागा सकाळी व दुपारी पाहा आणि तेथे आढळलेल्या सजीवांविषयी दहा ओळी लिहा.