सार्वजनिक गणपती आणि सामायिक रस्ता

"सणावारात राजकारण आणू नये" हे वाक्य आपण परदेशस्थ मराठी मंडळी फार सहज बोलतो. माझे वास्तव्य जेद्दातील अल अझीझिया भागात आहे. इथे मंदिर नाही, मंडप नाही, वर्गणी नाही, कमानीवर पुढाऱ्यांचे फोटोही नाहीत. चतुर्थी साजरी करायची ती दाराआड, आवाज बेताचा ठेवून. राजकारणविरहित उत्सव म्हणायचा तर तो हाच! तरीही त्या दिवसांत जे नाही म्हणून चुटपुट लागते, तो रस्ताच असतो. म्हणून रस्त्यावरच्या गणपतीविषयी थोडे.

पुण्यात भाऊसाहेब रंगारी, खासगीवाले आदींनी १८९३ च्या सुमारास गणपती घरातून चौकात आणला आणि लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्याला चळवळीचे रूप दिले. परक्या सरकारच्या नजरेसमोर लोकांना एकत्र जमवण्याची ती वाट होती, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत फारसे न सांगितलेला भाग असा, की ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. तोवर पुण्यातले कितीतरी हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. १८९४ मध्ये त्यातून अंग काढून घेण्याचा प्रचार झाला. एकाच उत्सवाने काहींना जवळ आणले, काहींना दूर लोटले. टिळकांविषयी आदर बाळगूनही हे दोन्ही मान्य करावे लागते.

बरे, 'सार्वजनिक' म्हणजे कोणाकोणाचे? प्रबोधनकार ठाकरे यांनी दादरला हाच प्रश्न विचारला. अस्पृश्य बांधवांनाही पूजेचा हक्क हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्या वादातून तिथला गणेशोत्सव बंद पडला आणि प्रबोधनकारांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सार्वजनिक नवरात्र सुरू झाले.

इथे राहून एक गोष्ट मात्र नीट समजली. २०१६ पर्यंत इथले सरकारी पगारसुद्धा हिजरी महिन्यावर होत, त्यामुळे चंद्राचा हिशेब कानावर पडतो. आपले महिने चंद्राचे आणि हिजरी महिनेही चंद्राचेच. आपण अधिक मास घालून ऋतूंशी मेळ राखतो; हिजरी वर्षात तो नसल्याने ते दरसाल सुमारे ११ दिवस मागे सरकते. म्हणून साधारण ३२-३३ वर्षांनी मोहरम भाद्रपदात येतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे दोन्हींची सुरुवात जवळपास एकाच चंद्रकोरीपासून झाली.

अशा वेळी रस्ता एकच आणि मिरवणुका दोन! कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला दोन्ही सण एकत्र आले की गावातल्या पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडीतही मशिदीत गणपती बसवण्याची परंपरा आहे. मुलांना ही नावे नकाशावर जरूर दाखवावीत. पण त्याच नकाशावर, कुरुंदवाडपासून फार लांब नसलेले मिरजही दाखवावे. सप्टेंबर २००९ मध्ये अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून तिथे दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. भाग तोच, माणसेही तशीच. कमानी आणि मशिदी यांचे काय करायचे, याचा निर्णय मात्र वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूंनी घेतला. मिरजेला जे झाले ते राजकारण, आणि कुरुंदवाडला जे होते तेही राजकारणच, असे माझे मत आहे. कोणाच्या दारात कोणाला जागा द्यायची हे गावाने बसून ठरवणे, याला दुसरे नाव मला सुचत नाही.

मोठ्या शहरातही हे जमते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. २०२४ मध्ये तो १८ सप्टेंबरला निघाला, तर २०२५ मध्ये मुंबईतली ईदची सुट्टी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला ठेवण्यात आली. २०२५ मध्येच महाराष्ट्र सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. आनंद झालाच, पण राज्याचा उत्सव म्हटला की ज्यांच्या घरी गणपती बसत नाही तेही त्या राज्यात मोजावे लागतात, हेही मनात आले.

मोहरम आणि गणपती पुन्हा एकत्र येतील ते २०५१ च्या आसपास. तेव्हा मिरवणुकीचा मार्ग ठरवायला बसणारी मंडळी आज आपल्या बालवर्गात आरती पाठ करत आहेत.